नमुना जुलैत खिडकीपाशी ठेवा

सेंद्रिय अर्धवाहकांविषयी वाचले की मला कपाटातल्या बुरशी धरलेल्या चपला आठवतात. (अर्धवाहक म्हणजे वीज बेताने वाहू देणारे, इलेक्ट्रॉनिक उपकरणांत वापरले जाणारे पदार्थ. भाजीवाल्याच्या ‘सेंद्रिय’शी याचा संबंध नाही, रेणू कार्बनचे, म्हणून हे नाव.) पेंटासीन या अशाच एका पदार्थाचा ट्रान्झिस्टर (विजेचा चिमुकला स्विच) चालतो झकास, पण ऑक्सिजन, उजेड आणि ओल त्याला बाधतात. याच कुळातल्या वीजवाहक प्लास्टिकच्या शोधाला २००० साली रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. मोबाइलच्या ओलेड पडद्यात असे पदार्थ आलेही, पण हवाबंद करूनच. आपल्या संशोधकांनी नवे रेणू घडवताना हवा-ओल नसलेल्या, नायट्रोजन भरलेल्या पेटीत मोजलेल्या कामगिरीच्या आकड्यांसोबत, मुंबईत भर जुलैत उघड्या खिडकीपाशी महिनाभर ठेवलेल्या नमुन्याचे आकडेही छापावेत. माझ्या चपलांनी तर आठच दिवसांत हात टेकले.

– रसायनशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक, मुलुंड