होटगी रोडच्या काकांचे जाहीर आभार

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

सोलापुरात बसून समुद्रातल्या जुन्या तेलक्षेत्रांच्या कररचनेवर एम.ए.चा प्रबंध लिहायचा, म्हणजे विचारायचं तरी कुणाला? तुमची सगळी नोकरी 'मुंबई हाय' या समुद्रातल्या तेलक्षेत्राच्या प्लॅटफॉर्मवर गेली आणि निवृत्तीनंतर तुम्ही गावी परतलात, हे माझं नशीब.

पुस्तकं सरकारचा वाटा टक्क्यांत सांगतात. तुम्ही आधी विहीर समजावलीत. क्षेत्र जुनं झालं की दाब घटतो, तेलाबरोबर पाणी वाढतं. प्लॅटफॉर्म, बोटी, हेलिकॉप्टर यांचा खर्च मात्र फारसा हलत नाही, त्यामुळे दर बॅरलचा खर्च चढत जातो. मग वहीच्या मागच्या पानावर तुम्ही हिशेब मांडलात: समजा भाव 70 डॉलर, खर्च 60. रॉयल्टी (तेल काढण्याबद्दल सरकारला द्यायचा वाटा) आणि सेस (कच्च्या तेलावरचा उपकर) मिळून विक्रीवर 20 टक्के घेतले, तर 14 डॉलर गेले आणि 4 डॉलरचा तोटा. तेच नफ्यावर 50 टक्के घेतले, तरी कंपनीच्या हाती 5 उरतात. एकाच विहिरीला एका नियमाखाली टाळं, दुसऱ्याखाली आणखी काही वर्षं उत्पादन. "जुन्या मागावर दर चादरीमागे भाडं लावलं तर माग भंगारातच जाणार," हे तुमचं वाक्य मी प्रबंधात जसंच्या तसं घातलंय. 2016 मध्ये सेस टनामागे 4,500 रुपयांऐवजी किमतीच्या 20 टक्के झाला. भाव पडला की भार हलका होतो हे खरं, पण खर्च किती, हे तोही विचारत नाही.

ब्रिटन आणि नॉर्वेची गोष्टही तुमचीच. आज दोन्हीकडे तेलनफ्यावरच्या कराचा आकडा 78 टक्केच. पण त्यातला ब्रिटनचा जादा कर 2022 मध्ये 25 टक्क्यांवर सुरू झाला, मग 35, मग 38. नॉर्वेत एकूण दर कित्येक वर्षं जागचा हलला नाही. जुन्या क्षेत्रात नवी विहीर खणायला पैसा घालणारा आधी हेच बघणार.

एका मुद्द्यावर मात्र आपलं जमलं नाही, आणि तुम्ही ते हसून घेतलंत. रॉयल्टी पूर्ण काढून टाका, असं तुम्ही म्हणता. मला ते धोक्याचं वाटतं. कर फक्त नफ्यावर बसला की खर्च फुगवायचा मोह होतो आणि तो तपासणं सरकारला जड जातं. कंपनीने आधी खर्च वसूल करायचा आणि मग उरलेला नफा सरकारशी वाटायचा, अशा जुन्या करारांवर सरकारी हिशेब तपासणाऱ्या कॅगने 2011 मध्ये बोट ठेवलं आणि तेल-वायू शोधाच्या 2016 च्या 'हेल्प' धोरणात महसूल-वाटणी (खर्च न बघता थेट महसुलात सरकारचा वाटा) आली, ती याच कारणाने. म्हणून मी मधला मार्ग लिहिलाय: रॉयल्टी ठेवावी, पण उत्पादन घटेल तसा तिचा दर उतरता असावा.

काकूंच्या कडक भाकरी-शेंगाचटणीचे आभार वेगळे. विहिरी बुजवून प्लॅटफॉर्म काढण्याच्या खर्चाचं प्रकरण अजून कच्चं आहे. रविवारी घेऊन येते, लाल पेन तयार ठेवा.

आपली,
तुमची सोलापूरची विद्यार्थिनी