रकाना भरला, पुढे काय? महिला व बालविकास मंत्र्यांना खुले पत्र

मा. मंत्री महोदया,
स. न. वि. वि.

विधिसंघर्षग्रस्त मूल, म्हणजे गुन्ह्याचा आरोप असलेलं मूल, बाल न्याय मंडळापुढे आलं की परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) त्याचा सामाजिक तपासणी अहवाल करतात. त्यात मुलाच्या छळाविषयीचा रकाना असतो. बाप पट्ट्याने मारायचा, नात्यातल्या कुणी अंगाशी चाळे केले, हे पुष्कळदा तिथेच पहिल्यांदा कागदावर येतं. कागद फायलीत जातो, मूल निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असेपर्यंत अशा मुलांना ठेवतात त्या संस्थेत. माझ्या पाहण्यात दोघांची पुन्हा गाठ क्वचितच पडते.

मी अशा एका ठिकाणी शिकवायला जाते. दार आपटलं की एक मुलगा हातातलं पुस्तक टाकून भिंतीला पाठ लावतो. रात्री जागा, वर्गात पेंगतो. मागून खांद्यावर हात ठेवला तर आधी ठोसा, मग भान. रजिस्टरात नोंद: 'उद्धट'. शिक्षा: खेळ बंद. लहानपणी सतत मार खाल्लेलं शरीर धोका टळल्यावरही पहाऱ्यावरच असतं, हे मानसोपचाराला ठाऊक आहे. रजिस्टरला नाही.

गुन्हा ज्यांनी सोसला त्यांचं दुःख यानं कमी होत नाही, हे मान्य. पण २०१५ च्या बाल न्याय कायद्यातल्या कलम ५३ च्या सेवांमध्ये मानसिक उपचार आणि समुपदेशन आहेच. कलम १५ खाली, १६ वर्षांवरच्या मुलावर निर्घृण गुन्ह्याचा आरोप असेल, तर त्याच्या मानसिक क्षमतेची प्राथमिक तपासणी होते. मंडळावर बालमानसशास्त्राचा किंवा बालमानसोपचाराचा जाणकार नसेल, तर तज्ज्ञाची मदत घेणं बंधनकारक, असं सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये सांगितलं. योग्यच. म्हणजे मुलावर प्रौढासारखा खटला चालवायचा का, हे ठरवायला तज्ज्ञ हवाच. त्याला झोप का लागत नाही, हे विचारायला मात्र जमलं तर!

दाखल झाल्यावर पहिल्या काही दिवसांतच प्रशिक्षित माणसाने मुलाशी निवांत बोलावं. जीव द्यावासा वाटतो का, नशा सुटताना काय होतंय, हे विचारावं. रकान्यातला मजकूर गोपनीयता राखून समुपदेशकाला मिळावा. मात्र या बोलण्यातलं काही मुलाविरुद्ध वापरलं जाणार नाही, अशी पक्की लेखी हमी आधी हवी. नाहीतर वकील त्याला गप्प राहायला सांगतील, आणि बरोबरच सांगतील.

आणि समुपदेशक कंत्राटावर नकोत. करार संपतो, माणूस बदलतो, आणि मुलाने तीच गोष्ट नव्या अनोळखी माणसाला पहिल्यापासून सांगायची. दुसऱ्यांदा बहुतेक मुलं सांगतच नाहीत.

सुटकेच्या कागदासोबत पुढच्या भेटीची तारीख द्या. औषधं चालू असतील तर जिल्हा रुग्णालयाच्या नावे चिठ्ठीही.

उत्तराऐवजी परिपत्रक निघालं तरी चालेल. फक्त ते रात्रपाळीच्या काळजीवाहकापर्यंत पोचावं, एवढं पाहा.

आपली,
निरीक्षणगृहात शिकवणारी एक नागरिक