दाराएवढं खुराडं

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार. ‘खुराड्याचा नकाशा पाठव’ असं लिहिलंयस. नकाशा होता रे. मी चौकटीच्या वहीत मापं टाकून, रंगीत पेन्सिली वापरून काढला होता. बाबांनी तो पाहिला, वहीची घडी घातली आणि विचारलं, “सामान कुठंय?” सामान म्हणजे माळ्यावरचं जुनं दार, लोकांनी टाकून दिलेली पाच लाकडी पॅलेट (माल रचून ठेवायच्या फळ्यांच्या चौकटी), गंजाचे ठिपके पडलेले दोन पत्रे आणि एका मोडक्या कपाटाचे खण. “मग हेच सांगतील काय बांधायचं ते,” असं म्हणून ते उठले. मला राग आला होता, पण झालं तसंच. दार आडवं टाकलं तेव्हा सहा फूट लांब नि अडीच फूट उंच अशी मागची भिंत आयती मिळाली. पॅलेटच्या फळ्या साधारण चार फुटांच्या, म्हणून मागून पुढपर्यंतची खोली चार फूट. पुढची बाजू चार फूट उंच घेतल्यावर छपराला उतारही आपोआप आला. चोवीस चौरस फूट आणि सहा कोंबड्या, म्हणजे एकीला चार. माझ्या नकाशात तिघींचीच सोय होती.

पॅलेट सुटे करताना मात्र घाम फुटला. त्यांचे खिळे पीळ दिलेले असतात, कटावणी घातली की खिळा हलत नाही, फळीच उभी चिरते. पहिल्या पॅलेटची निम्मी लाकडं मी अशीच वाया घालवली. मग बाबांनी हॅक्सॉचं, म्हणजे लोखंड कापायच्या करवतीचं, नुसतं पान फळी आणि ठोकळ्याच्या मधल्या फटीत सरकवलं आणि खिळेच कापत गेले. खिळ्याचा तुकडा फळीत राहतो, राहू दे, टोक तेवढं ठोकून बसवायचं. आणि हो, पॅलेट उचलण्याआधी त्यावरचा शिक्का बघ. ‘एचटी’ असेल तर लाकूड फक्त तापवलेलं असतं. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली, ते घ्यायचं नाही. ज्यावर काहीतरी सांडल्याचे डाग किंवा वास असेल तेही नाही. आमच्या पाचांतलं एक असंच परत गेलं.

दुसरी कुरबुर खिडकीवरून झाली. बाबांनी जपून ठेवलेली एक चौकट होती, तिच्यावर रंगाचे चार-पाच थर, पोपडे सुटलेले. ही म्हणाली, जुन्या रंगात शिसं असतं, कोंबड्या दिसेल ते टोचतात, मग ते अंड्यातून आपल्याच पोटात. घासून काढू म्हटलं तर ती धूळ मुलांच्या नाकात. बाबा दोन दिवस तिच्याशी मोजकंच बोलले. तिसऱ्या दिवशी चौकट निमूटपणे परत माळ्यावर गेली. दाराला रंग नव्हता, नुसतं लाकूड होतं, म्हणून ते वाचलं.

संध्याकाळी बाबा दगडावर वाकडे खिळे ठेवून सरळ करत बसायचे, धाकटा ते मोजून डब्यात टाकायचा. दोनशेच्या वर गेले. त्यातले निम्मे ठोकताना पुन्हा वाकले, हे त्या दोघांना सांगू नकोस.

आता वाईट ते सांगतो. सगळं फुकट मिळतंय म्हणताना मला चेव चढला होता. पुढच्या मोकळ्या भागाला जाळी लावायची वेळ आली तेव्हा घरात पडलेली षटकोनी भोकांची पातळ जाळी मी वापरली, आणि तीही बारीक चुका मारून. कोंबड्या आत राहतात ना, मग झालं! चौथ्या रात्री कसल्यातरी जनावराने खालचा कोपरा उचकटला. रानमांजर की आणखी काही, कुणी पाहिलं नाही. सकाळी थोरली दाणे टाकायला गेली आणि धावत न येता हळूहळू चालत परत आली, त्यावरूनच मला कळलं. सहाच्या पाच झाल्या. ती जाळी कोंबडीला आत ठेवते, दातांना बाहेर ठेवत नाही. नंतर आम्ही अर्ध्या इंचाच्या चौकोनांची वेल्ड केलेली जाळी विकत आणली, स्क्रू आणि रुंद वॉशर लावून घट्ट केली. जमिनीलगत एक फूट जाळी बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर माती टाकली. उकरणारं जनावर भिंतीच्या बुडाशीच सुरुवात करतं, मागे सरकून उकरावं हे त्याला सुचत नाही. कडीही बदलली. नुसती फिरवायची होती, आता कोयंड्यात खिट्टी घातल्याशिवाय उघडत नाही. अख्ख्या खुराड्यात पैसे गेले ते एवढ्यावरच. ते आधीच खर्च करायला हवे होते.

घाबरून मग मी प्रत्येक फट बुजवली, तर तेही चुकलं. सकाळी दार उघडलं की डोळे चुरचुरायचे. आई म्हणाली, “अरे, त्यांना श्वास कुठनं घ्यायचा?” विष्ठेतून अमोनिया सुटतो, शिवाय त्यांच्या श्वासाची वाफ आतच राहते. छपराखाली दोन्ही बाजूंना वीतभर पट्टी कापून जाळी मारली. बसायची दांडी त्याच्या बरीच खाली आहे, म्हणजे वारा डोक्यावरून जातो.

दांडीचंही असंच. मी झाडूचा गोल दांडा लावला होता, त्या त्यावर रात्रभर तोल सांभाळत बसायच्या. आता दोन इंच रुंद, कडा घासलेली चपटी पट्टी आहे, तीवर पाय पसरून त्या पोटाखाली झाकून घेतात. दांडी अंडी घालायच्या खणांपेक्षा उंच ठेव, नाहीतर त्या खणातच झोपतात आणि घाण करतात. ती खाचेत नुसती ठेवलीय, ठोकलेली नाही. जुन्या लाकडाच्या भेगांत लाल माइट, म्हणजे गोचिडीसारखे बारीक जीव, दिवसा लपतात आणि रात्री रक्त प्यायला निघतात, म्हणून दांडी काढून तिची टोकं बघावी लागतात. सगळ्या सांध्यांना चुनाही फासलाय.

खण दोन आहेत, फूटभर लांब-रुंद, आत भुसा. पाचही जणी डावाच वापरतात. एक आत असली की दुसरी बाहेर उभी राहून कलकलाट करते, उजवा रिकामाच. बाबा म्हणतात, उजव्यात खिळ्यांचा डबा ठेवू.

तुझ्याकडे मागच्या पडवीत जुनं कपाट आहे ना? ते भंगारात देऊ नकोस, आणि रंग कसला आहे तेवढं कळव. पुढच्या महिन्यात मी नि बाबा येतो. हॅक्सॉची पानं आम्ही आणू, जाळी मात्र तू आधीच आणून ठेव, अर्ध्या इंचाचीच.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुझाच,
मित्र