ऑलिव्हचे आकडे आणि आपला काजू

मा. संपादक,

पोर्तुगालने वीस वर्षांत ऑलिव्हचा पुरवठा कसा वाढवला, याचे दाखले अलीकडे गोव्यातल्या शेतीविषयक चर्चांत वारंवार दिले जातात. दाखला चांगला आहे, पण आकडा नीट न वाचता दिला की त्यातून चुकीचा सल्ला निघतो.

पहिला घोळ ‘देशांतर्गत पुरवठा’ या शब्दांचा. तो उत्पादनाचा आकडा नव्हे. उत्पादनात आयात मिळवायची, निर्यात वजा करायची आणि साठ्यात पडलेला फरक धरायचा. एखाद्या देशात एकही ऑलिव्हचं झाड नसलं तरी त्याचा पुरवठा दरवर्षी वाढत जाऊ शकतो. त्यात ऑलिव्हचं बहुतेक फळ घाण्यावर जातं. पुरवठ्याच्या तक्त्यात ते ‘प्रक्रिया’ या रकान्यात मोजतात आणि त्यातून निघालेलं तेल वेगळ्या ओळीत येतं. दोन्ही ओळी बेरजेला धरल्या तर एकच माल दोनदा मोजला जातो. शंभर किलो फळातून साधारण पंधरा ते वीस किलो तेल निघतं, म्हणून ही चूक लहान राहत नाही. शिवाय हे तक्ते काढणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व कृषी संघटनेने त्यांची पद्धत बदलली आहे. जुनी मालिका 2013 ला संपते, नवी 2010 पासून सुरू होते. दोन्ही सरळ जोडल्या तर सांध्यावर दिसणारी उडी पद्धतीची असू शकते, बागांची नव्हे.

दुसरा घोळ वर्षाचा. ऑलिव्हची तोडणी ऑक्टोबरला सुरू होऊन जानेवारीपर्यंत, कुठे त्याही पुढे चालते. म्हणून तेलाचं वर्ष 1 ऑक्टोबरपासून मोजतात. हे तेलवर्ष कॅलेंडर वर्षाच्या आयातीशी जुळवलं की ताळेबंद बिघडतो. त्यात हे झाड हापूससारखं एक वर्षाआड लगडणारं. स्पेनचंच बघा: 2021-22 मध्ये तेल सुमारे 14.9 लाख टन, पुढच्या वर्षी दुष्काळ आणि फुलोऱ्यावरची उष्णता यांमुळे साधारण 6.65 लाख, 2023-24 मध्ये 8.5 लाखांच्या आसपास आणि 2024-25 मध्ये पुन्हा 14 लाखांवर. पहिली दोन वर्षं घेतली तर उत्पादन निम्म्याहून खाली आलेलं दिसतं, दुसऱ्या आणि चौथ्या वर्षाची तुलना केली तर दुपटीहून जास्त. कल सांगायचा तर निदान दोन वर्षांची सरासरी हवी. दुष्काळ लागोपाठ दोन हंगाम टिकला तर तीही पुरत नाही, मग चार वर्षांची घ्यावी.

पोर्तुगालची वाढ मात्र खरी आहे. शतकाच्या सुरुवातीला तिथे वर्षाला तीस हजार टनांच्या आसपास तेल निघे, 2021-22 मध्ये ते दोन लाखांवर गेलं. पुढच्या हंगामात घसरून सव्वा लाखाच्या घरात आलं, तरी जुन्या पातळीच्या चौपट राहिलं. कारण पाणी. दक्षिणेकडच्या अलेंतेजो प्रांतातल्या आल्केवा धरणात 2002 पासून पाणी अडवलं गेलं आणि त्याच्या कालव्यांवर हेक्टरी दीड-दोन हजार झाडांच्या कुंपणवजा ओळी उभ्या राहिल्या. त्यांची तोडणी यंत्राने होते आणि तिसऱ्या-चौथ्या वर्षीच पीक हाती येतं.

ही वाढ बघून गोव्यात ऑलिव्ह लावा असं कुणी सुचवलं, तर ते मुळीच ऐकू नये. फूल धरायला या झाडाला रात्री दहा अंशांखाली उतरणारी कित्येक आठवड्यांची थंडी लागते. आपल्याकडे जानेवारीतही किनाऱ्यालगत पारा वीसच्या आसपास असतो. वर तीन हजार मिलिमीटरचा पाऊस, त्यात मुळं कुजणार. झाड जगलंच तर पानं देईल, फळ नाही. राजस्थानात 2007-08 पासून इस्रायलच्या मदतीने लागवड झाली ती कोरड्या हवेच्या, थंड हिवाळ्याच्या बीकानेर-गंगानगर पट्ट्यात.

गोव्याने उचलायची ती ताळेबंदाची पद्धत, आणि ती काजूसाठी. सत्तरी-सांगेतल्या भाटांतून, म्हणजे बागांतून, निघालेली बी आणि आफ्रिकेतून आलेली कच्ची बी कारखान्यात एकत्र फोडली गेली की गर बघून फरक ओळखणं कठीण. 2023 मध्ये गोव्याच्या काजूगराला भौगोलिक मानांकन मिळालं. पण राज्यात पिकलेली बी किती आणि बाहेरून आलेली किती, हे वेगळं मोजल्याशिवाय त्या मानांकनाची राखण होणार नाही. डिसेंबर-जानेवारीच्या मोहरावर अवेळी पाऊस किंवा ढेकण्या ही कीड पडली की बी घटते. त्याच वर्षी आयात वाढलेली असली तर एकूण पुरवठा भरलेला दिसतो आणि बागायतदाराचं नुकसान आकड्यात बुडून जातं.

कृषी खात्याने हंगाम संपल्यावर, जूनमध्ये, तालुकावार तक्ता काढावा: स्थानिक बी, परराज्यातून आलेली, परदेशातून आलेली, राज्याबाहेर गेलेली आणि कारखान्यांतला शिल्लक साठा. बी, गर आणि बोंडू यांच्या ओळी वेगळ्या ठेवाव्यात. सोबत मागच्या चार हंगामांची सरासरी छापावी. आपल्या दैनिकाने हा तक्ता दरवर्षी मागून घेऊन प्रसिद्ध करावा, ही विनंती.

एक बागायतदार वाचक,
सत्तरी