सूर्यास्त राहू दे, बैल घे

नागपूर, १४ जून

प्रिय शालू,

फुटाळा तलावावरच्या सूर्यास्ताचा फोटो आणि त्यावरून ॲपने काढून दिलेला क्रॉस स्टिचचा तक्ता, दोन्ही मिळाले. फोटो सुरेख आहे. तक्ता मात्र मुकाट्याने बाजूला ठेव. रागावू नकोस, आधी हिशेब बघ.

तक्त्यात आडवे २८० आणि उभे २१० चौकोन आहेत. दर चौकोनाला एक फुली, म्हणजे ५८,८०० फुल्या. आयडा म्हणजे फुलीच्या टाक्यासाठीचं घराघरांचं कापड; १४ काउंटच्या आयडावर इंचाला १४ टाके बसतात, म्हणून चित्र होणार २० बाय १५ इंच. नवख्या हाताला तासाला शंभरेक फुल्या धर. रोज न चुकता तासभर बसलीस तरी दीड वर्ष उलटून जाईल. आणि तुला ते नातवाला यंदाच्या तान्ह्या पोळ्याला द्यायचंय!

टाके जास्त असले तरी एक वेळ निभतं गं, हात बसला की ते आपोआप पडत जातात. जीव खातात ते रंग. तुझ्या तक्त्यात ६२ आहेत. तू गणिताची, लगेच म्हणशील की ५८,८०० भागिले ६२, एका रंगाला साडेनऊशे टाके आले, मग अडचण काय? अडचण अशी की ते साडेनऊशे एका जागी नाहीत. फोटोवरून यंत्राने काढलेल्या तक्त्यात रंगांची नुसती पखरण असते. एक फुली नारिंगी, शेजारची किंचित फिकी, तिसरी गुलाबीकडे झुकलेली, मग पुन्हा पहिली. दर वेळी सुई ओवा, दोन टाके घाला, शेपूट मागच्या टाक्यांखाली दडपा, कापा. त्यात सूर्यास्ताचे रंग इतके जवळजवळचे की रात्री ट्यूबलाइटखाली ७४० नंबरचा नारिंगी कुठला आणि ७४१ कुठला, हे लडीवरचं लेबल वाचल्याशिवाय कळणार नाही. लेबल तर पहिल्या आठवड्यातच हरवतं.

म्हणून कुठलाही तक्ता हातात आला की रंगांची यादी वाचायच्या आधी तो हातभर लांब धरून बघायचा. एका रंगाचे सलग तुकडे दिसले तर घ्यायचा, तिखटमीठ भुरभुरल्यासारखा दिसला तर ठेवून द्यायचा.

आता माझं म्हणणं ऐक. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पोट्टे लाकडी बैल घेऊन निघतात, तोच बैल काढ. नागपूरच्या दुसऱ्या रघुजीराजे भोसल्यांनी १८०६ साली तान्हा पोळा सुरू केला असं आपल्याकडे सांगतात. नातवाला हे सांगायला तुला निमित्तही होईल. शिवाय लाकडी बैल फुलीच्या टाक्याला फार सोयीचा. पाय सरळ, पाठ सरळ, खालची पाटी सरळ, झूल चौकोनी. वाकडं वळण फक्त शिंगांना आणि चाकांना. चाकं निदान १३-१४ टाके रुंद ठेव. त्याहून लहान केलीस तर गोल न दिसता अष्टकोनी दिसतील.

आकार ७० बाय ६० टाक्यांचा पुरे. १४ काउंटवर तो ५ बाय सव्वाचार इंचांच्या आसपास येतो. चारी बाजूंनी तीन-तीन इंच सोड, म्हणजे ११ बाय साडेदहा इंचांचा तुकडा लागेल. फ्रेम करताना मागे दुमडायला ही कड लागतेच, तिथे काटकसर नको. ८ इंची रिंगमध्ये अख्खं चित्र मावतं, रिंग पुन:पुन्हा सरकवावी लागत नाही, वळ पडत नाहीत. चौकोन एकूण ४,२०० असले तरी मागची जागा कोरीच राहणार. भरायच्या फुल्या दीड हजाराच्या घरात जातील. रोज अर्धा तास काढलास तर महिनाभराचं काम, पोळ्याच्या बरंच आधी संपेल.

याहून लहान कर असं काही जणी सांगतील, १८ काउंटवर दोन इंची फूल वगैरे. ते मला पटत नाही. तिथे भोकं इतकी बारीक की आपल्या वयाला टाके कमी आणि डोळ्यांवरचा ताण जास्त. दुकानदार मॅटी, म्हणजे जाड विणीचं साधं भरतकामाचं कापड, पुढे करेल, स्वस्तही पडेल. घ्यायचीच असेल तर उभ्या आणि आडव्या इंचात किती घरं येतात ते पट्टी लावून मोज. काही मॅटीत दोन्हीकडे सारखी येत नाहीत, मग बैल लांबट होतो आणि चाकं अंडाकृती. पहिल्या खेपेला आयडाच बरं.

रंग सहा घे. अंगाला तपकिरी, सावलीला गडद तपकिरी, झुलीला लाल, तिच्या काठाला पिवळा, गोंड्यांना हिरवा, खूर-शिंगं-डोळ्याला काळा. आठापर्यंत गेलीस तरी माझी हरकत नाही. पण एकाच लाल रंगात सगळं उरकायचा मोह नको. एकरंगी काम सोपं वाटतं, पण त्यात खुणेला काहीच नसतं; मोजताना एक घर चुकलं तर पार शेपटाशी पोचल्यावर कळतं. लाल झूल संपली तिथून हिरवा गोंडा दोन घरं खाली, असं असलं की चूक तिथल्या तिथे पकडता येते.

दोन तपकिरी निवडताना शेड कार्डावर लागून असलेल्या घेऊ नकोस, मधल्या दोन-तीन सोडून घे. दुकानाच्या दारात उजेडात जा, दोन्ही लड्या शेजारी ठेवून मोबाइलवर काळा-पांढरा फोटो काढ. दोन्ही सारख्याच करड्या दिसल्या तर कापडावर सावली दिसणारच नाही. आणि सगळ्या लड्या एकाच कंपनीच्या घे, अँकर तर अँकर, डीएमसी तर डीएमसी. दोघांचे नंबर वेगळे असतात. लडी आठ मीटरची, सहा पदरी. १४ काउंटला त्यातले दोन पदर वापरायचे. एका लडीत हजारभर फुल्या सहज निघतात, त्यामुळे प्रत्येक रंगाची एकच लडी पुरे.

तुला बैल पांढराच हवा असणार, मला माहीत आहे. मग अंग भरूच नकोस! आयडा पांढरं घे, अंगाची जागा कोरी ठेव, कडेने गडद तपकिरीचा एकेरी धावता टाका फिरव आणि नुसती झूल, शिंगं, चाकं भर. फुल्या निम्म्यावर येतील. मला स्वतःला तपकिरीच आवडेल, कारण आपल्याकडचे बैल पॉलिश केलेल्या सागवानाचेच डोळ्यासमोर येतात.

पाव आणि अर्ध्या टाक्यांचा, म्हणजे चौकोनात पुरी फुली नसलेला, तक्ता या वेळी घेऊच नकोस. तक्ता मी आलेख वहीवर काढून पाठवते. दर दहा घरांवर जाड रेघ असेल, तशीच कापडावर पुसट होणाऱ्या पेनने मार.

बैल पांढरा की तपकिरी तेवढं परवापर्यंत कळव. शनिवारी सीताबर्डीला जायचंय, कापड आणि लड्या मीच घेऊन कुरिअर करते. पुण्यात शोधत फिरू नकोस.

तुझी,
मंगल

ता. क. सुई बोथट टोकाची, २४ नंबरची. आणि लाल धाग्याचा एक तुकडा आधी ओला करून पांढऱ्या फडक्यात दाबून बघ. रंग सुटला तर मला सांग, दुसरा लाल बघू.