माथ्यापर्यंत हात न पोहोचणारी मुले

नौपाडा, ठाणे

प्रिय मित्रास,
सप्रेम नमस्कार.

चित्रकार चार्ल्स शुल्झ यांच्या ‘पीनट्स’ या वर्तमानपत्री चित्रमालिकेतल्या चार्ली ब्राउन या मुलाविषयी तू लिहिलेस की मोठे डोके आणि आखूड हातपाय एवढ्यावरच माणसे भाळतात, ही निव्वळ चित्रकाराची चलाखी. तुझे हे वाक्य आठ दिवस डोक्यातून गेलेले नाही. चलाखी आहे, हे मलाही मान्य आहे. मोठे डोके, फुगीर कपाळ, गुबगुबीत गाल दिसले की सांभाळण्याची ओढ आपोआप जागी होते, असे प्राण्यांच्या वर्तनाचे अभ्यासक कोन्राड लोरेन्झ यांनी १९४३ मध्येच मांडले होते. आणि आपला गणपती तर ध्यानश्लोकातही ‘खर्व’, म्हणजे ठेंगणाच आहे!

पण नुसते गोंडस चित्र पाहून आपण हसतो आणि पान उलटतो. शुल्झ यांची मुले तशी सोडत नाहीत. प्रौढ माणसाची उंची त्याच्या डोक्याच्या साधारण साडेसात पट असते, नवजात बाळाची चौपट. चार्ली ब्राउनची तिपटीइतकीही नाही. म्हणजे अंगाने तो पाळण्यातल्या बाळाहून लहान, आणि त्याची दुःखे मात्र बढती हुकलेल्या कारकुनाची: हरलेले सामने, टपालपेटीत न आलेले पत्र, दरवर्षी ऐन वेळी ओढून घेतलेला चेंडू. हे दुःख त्या देहात मावत नाही, आणि ते मावत नाही हेच आपल्याला दिसत राहते. त्याचे हात तर स्वतःच्या माथ्यापर्यंतही पोहोचत नाहीत. कपाळाला हात लावण्याची आपल्याला असलेली सोयसुद्धा त्याला धड नाही.

रविवारी तलावपाळीवर बसून मी याची परीक्षा घेतली. शाळेच्या बसची वाट पाहणारा मुलगा आधी प्रमाणात काढला. मग तोच मुलगा अडीच डोक्यांचा केला, दप्तर मात्र होते तेवढेच ठेवले, त्यामुळे ते त्याच्या पोटऱ्यांपर्यंत लोंबू लागले. पुतणीने पहिले चित्र पाहून ‘छान आहे’ म्हटले. दुसरे बराच वेळ हातात धरून तिने विचारले, ‘याला न्यायला कोणी आलेच नाही का?’ मी अश्रूचा थेंबही काढलेला नव्हता.

शुल्झ यांनी २ ऑक्टोबर १९५० पासून जवळजवळ पन्नास वर्षे ही मुले एकट्याने काढली, हाताखाली मदतनीस घेतला नाही. पुढे त्यांचा हात कापू लागला आणि रेघ थरथरू लागली. मला तर त्या कापऱ्या रेघेतली मुले अधिकच जवळची वाटतात, यात माझ्या वयाचाही भाग असेल. अखेरचे रविवारचे चित्र १३ फेब्रुवारी २००० रोजी छापून आले, त्याच्या आदल्या रात्री ते गेले.

माझी दोन्ही चित्रे सोबत पाठवत आहे. दुसऱ्या चित्रातल्या मुलाशेजारी पुतणीने पेन्सिलने एक उंच बाई काढली आहे, ती मी खोडलेली नाही.

तुझा,
जुना बाकसोबती