माग मोडीत काढण्यापूर्वी

डुइसबुर्ग, जर्मनी
१२ नोव्हेंबर

तीर्थरूप बाबांस,
सा. नमस्कार वि. वि.

आपले चारही माग भंगारात देणार असल्याचे आईने सांगितले, तेव्हापासून हे पत्र मनात होते. रविवारी येथील माइडरिशच्या जुन्या लोखंडाच्या कारखान्यात गेले आणि मग राहवले नाही. १९८५ साली बंद पडलेला हा कारखाना न पाडता पेटर लात्स या रचनाकाराने त्याचेच उद्यान केले आहे. गॅसच्या टाकीत पाणी भरले असून तेथे लोक पाण्याखाली बुडी मारण्याचे शिक्षण घेतात.

मला मात्र बेर्न्ड बेशर या छायाचित्रकाराची गोष्ट अधिक भावली. सीगनच्या खाणपट्ट्यात वाढलेला हा माणूस १९५७ च्या सुमारास ओळखीच्या एका खाणीचे चित्र काढत होता, परंतु पाडकाम त्याच्या पेन्सिलीपेक्षा वेगाने चालल्यामुळे त्याने फोटो काढून ठेवले. पुढे तो आणि पत्नी हिला यांनी पाण्याच्या टाक्या, झोतभट्ट्या आणि खाणींचे मनोरे यांचे फोटो अनेक वर्षे काढले; सावली पडू नये म्हणून आभाळ भरलेले असतानाच, आणि बहुधा समोरूनच. अशा एका जातीच्या नऊ-पंधरा वस्तू ओळीने मांडल्या की त्यांच्यातला फरक दिसू लागतो. १९९० मध्ये व्हेनिसला या फोटोंना पारितोषिक मिळाले, तेही शिल्पकलेचे!

ते फोटो पाहताना आपली इचलकरंजीची शेड डोळ्यांपुढे आली. दिव्यावर साचलेली कापसाची लव, घासून चकाकणारी धोट्याची पोलादी टोके, आणि चार मागांचा खडखडाट क्षणभर एका ठेक्यात जुळून पुन्हा विस्कटणे. त्या क्षणाची वाट पाहत मी कांड्या भरता भरता पाढे म्हणत असे. शाळेत निबंधाला मात्र आम्ही सगळ्यांनी डोंगर आणि पाऊसच लिहिला, कारण माग रोजचाच होता. त्या आवाजाने तुमचा एक कान गेला, हे विसरून मी कौतुक करते आहे असे कृपया समजू नये.

तरी एक विनंती आहे. भंगारवाला येण्यापूर्वी दादाकडून मागांचे फोटो काढून घ्यावेत (ढगाळ दिवसासाठी थांबू नये, शेडमध्ये ऊन येतेच कुठे) आणि पाच मिनिटे माग चालवून आवाज भरून पाठवावा. एकच माग नको, चारही एकदम.

आईस नमस्कार.

आपली,
धाकटी